बीसीबीए झालात, पण परवाना?

अमेरिकेत बीसीबीए (बोर्ड सर्टिफाइड बिहेवियर ॲनालिस्ट) होणं आणि वर्तन विश्लेषक, म्हणजे मुख्यतः ऑटिझम असलेल्या मुलांच्या वर्तनाचा अभ्यास करून थेरपी आखणारा तज्ज्ञ, म्हणून काम करायची मुभा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र देतं बीएसीबी, म्हणजे बिहेवियर ॲनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड. १९९८ साली स्थापन झालेली ही खासगी, ना-नफा संस्था कोलोरॅडोतल्या लिटलटनमधून चालते. परवाना मात्र राज्य सरकार देतं. बीएसीबी तुमचं प्रमाणपत्र काढून घेऊ शकतं, पण काम बंद करायला लावू शकत नाही. राज्य ते करू शकतं, वर दंडही करू शकतं. या रस्त्याने मी आधी उमेदवार म्हणून गेले आणि आता दुसऱ्यांच्या फॉर्मवर सुपरवायझर म्हणून सही करते. दोन्हीकडून पाहिल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. लोक घाबरतात परीक्षेला आणि अडकतात कागदांत. परीक्षा पुन्हा देता येते, पण दीड वर्षापूर्वीच्या महिन्याची राहिलेली सही आज मिळवून काही उपयोग नसतो.

सगळ्यात आधी तुम्ही कुठल्या राज्यात काम करणार ते बघा, कारण पुढचं बरंचसं त्यावर ठरतं. परवान्याचे कायदे २००९ च्या सुमारास नेवाडा आणि ओक्लाहोमापासून सुरू झाले आणि आता बहुसंख्य राज्यांत आहेत, पण प्रत्येकाचा साचा वेगळा. टेक्ससमध्ये २०१७ साली कायदा झाला आणि १ सप्टेंबर २०१८ पासून परवाना सक्तीचा झाला. तिथे हे काम टीडीएलआर हे राज्याचं परवाना खातं बघतं. व्हर्जिनियात ते मेडिकल बोर्डाकडे आहे, तर ओहायोत मानसशास्त्राच्या बोर्डाकडे. मॅसॅच्युसेट्समध्ये परवानाधारकाला एलएबीए म्हणतात, न्यू यॉर्कमध्ये एलबीए. पेनसिल्व्हेनियाचा 'बिहेवियर स्पेशालिस्ट' परवाना २००८ च्या ऑटिझम विमा कायद्यातून आला, त्यामुळे त्याची घडणच निराळी आहे. न्यू जर्सीत जानेवारी २०२० मध्ये कायद्यावर सही झाली, पण मंडळ नेमून नियमावली उभी राहायला पुढे वर्षं गेली. एडिसनमधल्या कितीतरी जणींनी त्या काळात 'कायदा आहे, पण अर्ज कुठे करायचा?' हा प्रश्न विचारला आहे. कॅलिफोर्नियात वर्तन विश्लेषकांचा राज्य परवाना नाही. तिथे विमा कायद्यातल्या व्याख्येवर आणि बीसीबीएवर काम चालतं. फ्लोरिडातही नाही, आणि गंमत म्हणजे बीएसीबीची मुळं फ्लोरिडाच्याच जुन्या सरकारी प्रमाणपत्र योजनेत आहेत. कॅनडात ऑन्टारियोने १ जुलै २०२४ पासून हा व्यवसाय नियमनाखाली आणला, तेव्हा टोरांटो-मिसिसागाकडच्या मंडळींनी तिथल्या 'कॉलेज'चे, म्हणजे नियामक संस्थेचे, नियम वेगळे वाचावेत.

पुण्या-मुंबईतून विचारणाऱ्यांसाठी इथेच सांगून टाकते. १ जानेवारी २०२३ पासून बीएसीबी भारतात राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेत नाही. भारतात बसून ऑनलाइन कोर्स करून बीसीबीए होण्याचा मार्ग बंद आहे, आणि तशी जाहिरात दिसली तर ती नीट वाचा. क्यूएबीए किंवा आयबीएओ या दुसऱ्या संस्थांची प्रमाणपत्रं भारतातून घेता येतात, पण अमेरिकेतलं एखादं राज्य ती परवान्यासाठी मानतं का, हे त्या राज्याच्या नियमात शोधावं लागतं. भारतातली कायद्याची बाजूही अर्धवट आहे. पुनर्वसन परिषदेच्या म्हणजे आरसीआयच्या नोंदणीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर, स्पीच थेरपिस्ट असे वर्ग आहेत, त्यात वर्तन विश्लेषक नाही. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या परिशिष्टात मात्र 'बिहेवियरल ॲनालिस्ट' हे नाव स्पष्ट छापलं आहे. नाव छापलं जाणं आणि राज्य परिषदेत नोंदणी सुरू होऊन ती रोजच्या कामाला लागणं, यात किती अंतर पडतं ते महाराष्ट्रात सांगायला नको.

आता पदवी. मास्टर्स लागतंच. मुंबई, पुणे, नागपूर कुठल्याही विद्यापीठाचं एम.ए. असेल तर त्याचं समतुल्यता मूल्यांकन नेसेसच्या (परदेशी पदव्या तपासणाऱ्या अमेरिकी संस्थांच्या संघटनेच्या) सदस्य संस्थेकडून करून घ्यावं लागतं. वेस ही त्यातली आपल्या लोकांना सर्वांत ओळखीची. अहवालात 'अमेरिकेतल्या मास्टर्सशी समतुल्य' असे शब्द यायला हवेत. विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्ट थेट मूल्यांकन संस्थेकडे पाठवायची असते. तुमच्या हातातली मार्कलिस्ट, कितीही शिक्के असले तरी, चालत नाही. भारतातून निघण्यापूर्वी हे उरकलं तर भावाला किंवा सासऱ्यांना परीक्षा विभागात खेपा घालाव्या लागत नाहीत.

एम.ए.त वर्तन विश्लेषणाचे विषय नसतात, म्हणून कोर्सवर्क वेगळं करावं लागतं. पदव्युत्तर पातळीचे ३१५ तास, म्हणजे साधारण सात विषय, २१ क्रेडिट. त्यात संकल्पना व तत्त्वं ९० तास, वर्तनबदलाच्या पद्धती ६०, नीतिशास्त्र ४५, मोजमाप व प्रायोगिक रचना ४५, मूल्यमापन ४५ आणि सुपरव्हिजन ३० अशी वाटणी आहे. २०२७ पासून नियम बदलत आहेत, तेव्हा प्रवेश घेताना 'माझा अर्ज कुठल्या नियमांखाली जाईल?' हे विद्यापीठाला ईमेलवर विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

खरी लढाई फील्डवर्कची, म्हणजे सुपरवायझरच्या देखरेखीखाली करायच्या प्रत्यक्ष कामाची. साधं फील्डवर्क २,००० तासांचं, कॉन्सन्ट्रेटेड १,५०० तासांचं. साध्यात दर महिन्याच्या एकूण तासांच्या ५ टक्के सुपरव्हिजन आणि किमान ४ भेटी लागतात. कॉन्सन्ट्रेटेडमध्ये १० टक्के आणि ६ भेटी. महिन्यात कमीत कमी २० तास लागतात, आणि जास्तीत जास्त तासांनाही मर्यादा असते. सगळं पाच वर्षांच्या आत पूर्ण व्हायला हवं. दर महिना १३० धरले तरी २,००० ला सोळा महिने लागतात, १,५०० ला बारा. 'सहा महिन्यांत करून देतो' म्हणणाऱ्याकडून लांब राहा. महिन्यातून एकदा तरी सुपरवायझरने तुम्हाला क्लायंटबरोबर काम करताना प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर बघितलं पाहिजे. गटातली सुपरव्हिजन त्या महिन्याच्या सुपरव्हिजनच्या निम्म्यापेक्षा जास्त नको.

हिशोब करून बघू. समजा मार्चमध्ये एकूण ११८ तास भरले आणि सुपरव्हिजन ५.५ तास झालं. ११८ चे ५ टक्के म्हणजे ५.९. चोवीस मिनिटं कमी पडली. अशा वेळी सुपरव्हिजन वाढवून लिहायचं नसतं, तास कमी करायचे असतात. ५.५ तासांत जास्तीत जास्त ११० तास बसतात, म्हणून स्वतंत्र कामाचे ८ तास सोडून द्यायचे. हे चालतं. पण भेटी चारच्या ऐवजी तीनच झाल्या असतील, किंवा क्लायंटबरोबरचं निरीक्षण राहिलं असेल, तर तास कमी करून महिना वाचत नाही, तो अख्खा जातो. म्हणून वीस तारखेला तक्ता उघडून टक्के, भेटी आणि निरीक्षण या तिन्ही रकान्यांवर नजर टाकायची. तीस तारखेला कळून उपयोग नाही, कारण तोवर सुपरवायझरची वेळ संपलेली असते. कॉन्सन्ट्रेटेडचा एखादा महिना १० टक्क्यांना कमी पडला तर तो साध्या फील्डवर्कमध्ये टाकता येतो. दोन्ही प्रकार मिसळले तर कॉन्सन्ट्रेटेडचा एक तास १.३३ साध्या तासांएवढा धरतात.

दुसरी अडचण ६०-४०ची. एकूण तासांपैकी मुलाबरोबर थेट थेरपी चालवण्याचे तास ४० टक्क्यांहून जास्त मोजता येत नाहीत. २,००० त फार तर ८००. उरलेले १,२०० तास विश्लेषकाच्या कामाचे हवेत: निरीक्षण, आलेख काढणं, मूल्यमापन, प्रोग्रॅम लिहिणं, आईवडिलांना आणि टेक्निशियनला शिकवणं. इथे विम्याचं गणित आड येतं. आरबीटीच्या (मुलाबरोबर थेट थेरपी चालवणाऱ्या नोंदणीकृत टेक्निशियनच्या) कामाला ९७१५३ हा बिलिंग कोड लागतो, पंधरा मिनिटांच्या एककात बिल होतं आणि एजन्सीचे पैसे त्यातून येतात. तुम्ही आलेख काढत बसलात तर त्याचं बिल होत नाही. म्हणून मुलाखतीत 'आम्ही तास देतो' म्हणणारी एजन्सी प्रत्यक्षात देते ते थेरपीचेच तास, आणि वर्षभराने कळतं की ४० टक्क्यांचा कोटा कधीच भरून गेला. नोकरी घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: आठवड्याला किती अनरिस्ट्रिक्टेड, म्हणजे विश्लेषकाच्या कामाचे, तास मिळतील आणि त्यांचा पगार मिळेल का? उत्तर ऑफर लेटरमध्ये आलं तर उत्तम. तोंडी 'बघू, होऊन जाईल' म्हणाले तर ते नाही असंच समजा. नुसत्या प्रशासकीय मीटिंग, फायली लावणं, बुद्ध्यांक चाचणीसारखी वर्तन विश्लेषणाबाहेरची मूल्यमापनं, हे तर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

व्हिसाचा मुद्दा आपल्या लोकांना हमखास लागतो. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या आश्रित व्हिसावर, वर्क परमिट नसेल तर 'बिनपगारी फील्डवर्क आहे, चालतं' या सल्ल्यावर जाऊ नका. क्लिनिकमधलं बिनपगारी कामही काम ठरू शकतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर सीपीटीचं, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायच्या परवानगीचं, विद्यापीठाकडून आधी बघून घ्या. दोन्ही बाबतींत इमिग्रेशन वकिलाचा शब्द शेवटचा, मैत्रिणीचा नाही.

कागद तीन. पहिला सुपरव्हिजनचा करार, तास मोजायला सुरुवात होण्यापूर्वी सही केलेला. दुसरा महिन्याचा पडताळणी फॉर्म, पुढचा महिना संपायच्या आत दोघांच्या सह्यांसह. मार्चचा फॉर्म ३० एप्रिलपर्यंत. तिसरा अंतिम फॉर्म, जो अर्जाला जोडतात. त्याखाली रोजची नोंद असते: तारीख, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, ठिकाण, कामाचा प्रकार, सुपरव्हिजन होतं की स्वतंत्र काम. हे सगळं किमान सात वर्षं जपायचं, आणि जपायचं तुमच्या स्वतःच्या ड्राइव्हवर. एजन्सीच्या सॉफ्टवेअरमधलं तुमचं खातं राजीनाम्याच्या दिवशी बंद होतं आणि पुढच्या आठवड्यात विनंती केली तर उत्तर येतंच असं नाही. एवढी काळजी घ्या की नोंदीत मुलाचं नाव किंवा ओळख पटेल असं काही नसेल, नाहीतर गोपनीयतेचा वेगळा प्रश्न उभा राहतो.

सुपरवायझर निवडताना बीएसीबीच्या सार्वजनिक यादीत त्यांचं नाव स्वतः तपासा. प्रमाणपत्र चालू हवं आणि आठ तासांचं सुपरव्हिजन प्रशिक्षण झालेलं हवं. बीसीबीए होऊन वर्ष झालं नसेल तर त्यांच्यावर सल्लागार सुपरवायझर हवा. यातलं काही नसेल तर त्यांच्या हाताखालचे तास बाद होतात, आणि 'मला माहीत नव्हतं' हे ऐकून घेतलं जात नाही. सुपरवायझर नोकरी सोडणार असं कानावर आलं की त्याच आठवड्यात तोवरच्या तासांचा अंतिम फॉर्म सही करून घ्या. सहा महिन्यांनी दुसऱ्या राज्यात गेलेल्या माणसाला गाठून सही मागणं दोघांनाही नकोसं होतं. सुपरवायझर म्हणून माझं म्हणणं असं की उमेदवाराने फॉर्म आयता भरून, टक्के काढून पाठवावा. मी आकडे पडताळते, पण ते आधी उमेदवाराने काढलेले असावेत.

परीक्षेबद्दल थोडक्यात. पिअर्सन व्ह्यू केंद्रावर चार तास, १८५ प्रश्न, त्यातले १० गुणांत न धरले जाणारे. २०२५ पासून सहाव्या आवृत्तीच्या आराखड्यावर परीक्षा होते, म्हणून मैत्रिणीच्या जुन्या नोट्स आधी तपासून घ्या. मागच्या काही वर्षांत पहिल्या प्रयत्नात पास होणारे निम्म्याहून थोडेच जास्त आहेत. व्याख्या पाठ करणारे इथे अडकतात, कारण प्रश्न प्रसंगावर असतात आणि दोन पर्याय बरोबर वाटतात. नापास झालात तर तीस दिवसांनी पुन्हा बसता येतं, दोन वर्षांत आठ वेळा. आपल्या नावांचा घोळ मात्र आधी सोडवा. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र, ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं नाव वेगळं, आणि बीएसीबीच्या खात्यात तिसरंच, असं असेल तर केंद्रावरून परत पाठवतात आणि फी जाते. सगळीकडे एकच नाव करून मगच तारीख घ्या.

पास झाल्याची शीट हातात आली की पेढे वाटा, पण सोमवारपासून बीसीबीएची कामं सुरू करू नका. परवान्याच्या राज्यात परवाना क्रमांक हातात येईपर्यंत ती मुभा नाही. शिवाय आरबीटी आणि बीसीबीए ही दोन्ही प्रमाणपत्रं एकाच वेळी ठेवता येत नाहीत, त्यामुळे मधल्या काळात तुमच्या कामाचं बिल कशाखाली होणार हे एजन्सीला परीक्षेआधीच विचारून ठेवा. या फटीत काही आठवड्यांचा पगार अडकू शकतो.

राज्याचा अर्ज स्वतः फार लांबलचक नसतो. बीएसीबीकडून पडताळणी, पार्श्वभूमी तपासणी, फी, काही ठिकाणी राज्याच्या कायद्यावरची छोटी परीक्षा. टेक्सससारख्या राज्यात चालू प्रमाणपत्र हाच मुख्य आधार असतो, म्हणून काम लवकर आटोपतं. न्यू यॉर्क स्वतःच्या शिक्षण खात्यामार्फत शिक्षण आणि १,५०० तासांचा अनुभव स्वतंत्रपणे तपासतं, त्यामुळे फक्त बीसीबीए दाखवून भागत नाही. विद्यापीठाचा फॉर्म विद्यापीठाने, सुपरवायझरचा सुपरवायझरने थेट पाठवायचा. तिथला परवाना सुरुवातीला ऑटिझमपुरताच होता, ती मर्यादा नंतर काढली. जुन्या माहितीवर विसंबणारे अजून ती सांगतात.

बोटांचे ठसे मागणाऱ्या राज्यांत एक बारीक गोष्ट नडते. ठसे देताना जो सेवा कोड टाकता तो त्याच बोर्डाचा असावा लागतो. शाळेतल्या नोकरीसाठी दिलेले ठसे परवान्याला चालत नाहीत, आणि चुकीचा कोड टाकला तर अहवाल भलत्याच खात्याकडे जातो. बोर्ड म्हणतं मिळाले नाहीत, केंद्र म्हणतं पाठवले, आणि फी पुन्हा भरावी लागते. अर्जातल्या जुन्या गुन्ह्यांच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. किरकोळ प्रकरण सांगितलं तर सहसा निभावतं, लपवलेलं सापडलं तर लपवणं हाच मुद्दा होऊन बसतो.

परवाना आला की विम्याचं क्रेडेन्शियलिंग, म्हणजे विमा कंपन्यांकडे स्वतःची नोंद करून घेणं. एनपीआय हा आरोग्यसेवा देणाऱ्याचा दहा आकडी राष्ट्रीय क्रमांक फुकट मिळतो आणि आधीच काढता येतो. तिथे वर्ग 'बिहेवियर ॲनालिस्ट' हाच निवडा. आरबीटी असताना काढला असेल तर टेक्निशियनचा वर्ग बदलून घ्या. हा न बदलल्यामुळे क्लेम परत येतात आणि महिनाभर कोणाला कारण सापडत नाही. सीएक्यूएच या, विमा कंपन्या जिथून तुमची माहिती घेतात त्या पोर्टलवरची माहिती दर १२० दिवसांनी पुन्हा प्रमाणित करावी लागते. विमा कंपन्यांकडून मंजुरी यायला तीन महिने सहज जातात.

नूतनीकरणाच्या तारखा दोन असतात आणि त्या क्वचितच जुळतात. बीएसीबीचं चक्र दोन वर्षांचं, सतत शिक्षणाची ३२ युनिट, त्यात ४ नीतिशास्त्राची आणि सुपरव्हिजन करत असाल तर ३ त्याची. राज्याचं चक्र स्वतंत्र. जिथे परवाना प्रमाणपत्रावर टेकलेला आहे तिथे बीएसीबीची तारीख चुकली की परवानाही धोक्यात येतो, आणि त्या दिवसांत केलेल्या कामाचं बिल विमा कंपनी परत मागू शकते. तुमच्यावर कारवाई, खटला किंवा चौकशी सुरू झाली तर बीएसीबीला ३० दिवसांत स्वतःहून कळवायचं असतं. राज्याची मुदत वेगळी असू शकते, म्हणून एकाला कळवलं की काम झालं असं धरू नका.

ऑनलाइन सेवा देणाऱ्यांनी लक्षात ठेवायचं की परवाना क्लायंट जिथे बसला आहे तिथला लागतो. न्यू यॉर्कचं कुटुंब उन्हाळ्यात महिनाभर टेक्ससला आजीकडे गेलं आणि सेशन चालू राहिलं, तर त्या महिन्यात तुम्ही टेक्ससमध्ये काम करत आहात. मानसशास्त्रज्ञांना सायपॅक्ट हा राज्याराज्यांतला करार उपयोगी पडतो, वर्तन विश्लेषकांसाठी तसा करार लागू नाही. म्हणून नवऱ्याची किंवा बायकोची बदली होऊन राज्य बदलायची वेळ आली की घराच्या सामानाच्या आधी परवान्याचा अर्ज टाका. नवं राज्य आजवरच्या प्रत्येक राज्याकडून पडताळणी पत्र मागतं, अगदी मुदत संपलेल्या परवान्याचंही. ते पत्र जुन्या बोर्डाने थेट नव्या बोर्डाला पाठवायचं असतं, काही ठिकाणी त्याची वेगळी फी असते, आणि जुन्या बोर्डाकडचा तुमचा पत्ता किंवा ईमेल जुना असेल तर तुम्हाला कळवायला निघालेलं पत्रही त्याच जुन्या पत्त्यावर जातं.